तिसऱ्या डोसला जाताना: आधी तारीख, मग तयारी, नंतरचा ताप

15 जुलै 2022 पासून अठरा वर्षांवरील सर्वांना शासकीय लसीकरण केंद्रांवर करोना लसीचा दक्षता डोस, म्हणजे तिसरा डोस, मोफत मिळू लागला आणि 75 दिवसांची म्हणून जाहीर झालेली ही सवलत 30 सप्टेंबर 2022 पर्यंतच होती. हे टिपण त्या ऑगस्टमधले आहे, म्हणून यातले नियम, दर आणि सोयी तेव्हाच्या समजाव्यात. लोक त्याला सरसकट ‘बूस्टर’ म्हणत आणि केंद्रावरच्या सिस्टरही तोच शब्द वापरत, त्यामुळे नावावरून अडत नसे. अडे ते तारखेवरून. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागात लस संपली म्हणून परतलेल्या माणसांपेक्षा तारीख भरली नाही म्हणून परतलेली माणसे मला अधिक भेटली, आणि त्यांतील बहुतेकांना घरी बसून पाच मिनिटांत ही गोष्ट तपासता आली असती. दुष्परिणामांचेही तसेच आहे. लस घेतल्यानंतर काय झाले यापेक्षा ते किती वेळाने झाले, हे पाहिले की निम्मी भीती आपोआप कमी होते आणि ज्या थोड्या लक्षणांना खरोखर घाबरायला हवे ती ओळखूही येतात.

दुसऱ्या डोसच्या तारखेपासून सहा महिने, म्हणजे 26 आठवडे, पूर्ण झाले की दक्षता डोस घेता येत असे. पूर्वी हे अंतर नऊ महिन्यांचे होते, ते जुलै 2022च्या पहिल्या आठवड्यात कमी करण्यात आले. त्यामुळे जानेवारीत किंवा एप्रिलमध्ये चौकशी करून “अजून तुमचा नंबर नाही” असे ऐकलेल्यांनी पुन्हा हिशेब करायला हवा होता. हिशेब पहिल्या डोसपासून नव्हे, दुसऱ्या डोसपासून करायचा, आणि आठवणीवर विसंबून न राहता प्रमाणपत्रावरची तारीख पाहायची. आठवण दगा देते याला कारणही आहे. 2021 साली कोविशिल्डच्या दोन डोसांमधील अंतर आधी चार ते सहा आठवडे होते, मार्चमध्ये ते सहा ते आठ आठवडे झाले, मे महिन्यात बारा ते सोळा आठवडे झाले, आणि घरातल्या चार माणसांनी चार वेगवेगळ्या नियमांखाली लस घेतली. उदाहरणादाखल, ज्यांचा दुसरा डोस 20 फेब्रुवारी 2022 रोजी झाला त्यांचे 26 आठवडे 21 ऑगस्टला पूर्ण होत होते. ज्यांचा दुसरा डोस 1 एप्रिल 2022 नंतर झाला होता त्यांचे अंतर 30 सप्टेंबरपर्यंत भरतच नव्हते. त्यांनी या मोफत मुदतीसाठी धावपळ करण्यात अर्थ नव्हता. त्यांना नंतर खासगी केंद्रावर डोस घ्यावा लागला, तर 2022 साली कोविशिल्ड व कोव्हॅक्सिनची किंमत प्रत्येकी 225 रुपये अधिक कर आणि सेवाशुल्क जास्तीत जास्त 150 रुपये असे दर होते; ते ध्यानात असलेले बरे, कारण काउंटरवर विचारायला माणूस संकोचतो.

ज्यांचा एकच डोस झाला होता त्यांना दक्षता डोस मिळत नव्हता. त्यांनी आधी दुसरा घ्यायचा होता. कोविशिल्डच्या दोन डोसांमध्ये तेव्हा किमान आठ आठवडे आणि कोव्हॅक्सिनच्या दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे लागत. वर्ष उलटून गेले म्हणून पहिला डोस वाया जात नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही. हा समज आमच्याकडे इतका पक्का बसला होता की एका काकूंनी केवळ त्यापायी दुसरा डोस टाळला होता.

लस कोणती घ्यावी याचा नियम सोपा होता: पहिले दोन डोस ज्या लसीचे, तिसराही त्याच लसीचा. 12 ऑगस्ट 2022 पासून त्यात एक पर्याय वाढला. कोविशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तीला दुसऱ्या डोसनंतर सहा महिन्यांनी कोर्बेव्हॅक्स या वेगळ्या लसीचा दक्षता डोस घेता येऊ लागला. मुलांसाठी दक्षता डोस नव्हता. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना चौदाव्या वर्षापर्यंत कोर्बेव्हॅक्सचे आणि पंधरा ते सतरा या वयात कोव्हॅक्सिनचे दोन डोस दिले जात. बारा वर्षे पूर्ण झाल्याची खात्री जन्मतारखेवरून करत, म्हणून “यंदा बारावं लागलं” एवढ्यावर मुलाला घेऊन जाऊन उपयोग नव्हता.

करोना होऊन गेला असेल तर बरे झाल्यापासून तीन महिने थांबावे, असा तेव्हाचा नियम होता. गरोदर स्त्रियांना जुलै 2021 पासून आणि स्तनदा मातांना त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून लस घेण्याची मुभा होती; मासिक पाळीत लस घेऊ नये या म्हणण्याला कोणताही वैद्यकीय आधार नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी लस टाळायची नसून उलट ती आधी घ्यायची असते, म्हणूनच 1 मार्च 2021 रोजी सर्वसामान्यांचे लसीकरण सुरू झाले तेव्हा साठ वर्षांवरील नागरिकांबरोबर 45 वर्षांवरील सहव्याधी असलेल्यांना पहिला मान मिळाला होता. नेहमीच्या गोळ्या त्या दिवशी बंद करू नयेत. थांबायचे कोणी? ज्यांना आधीच्या डोसनंतर अंगावर पित्त उठून श्वास लागणे, चेहरा किंवा घसा सुजणे अशी तीव्र अॅलर्जी झाली होती त्यांनी तीच लस पुन्हा घेऊ नये, आणि ज्यांना त्या दिवशी ताप किंवा दुसरा एखादा तीव्र आजार आहे त्यांनी बरे होईपर्यंत डोस पुढे ढकलावा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्यास किंवा रक्तस्राव लवकर न थांबण्याचा विकार असल्यास आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे आणि टोचण्यापूर्वी सिस्टरनाही सांगावे, म्हणजे सुईची जागा नेहमीपेक्षा अधिक वेळ दाबून धरता येते.

आता कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावरील खात्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यात ही अडचण जरा वेगळी होती. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. त्यांतील अनेकांनी पहिले दोन डोस केरळ, तमिळनाडू, आंध्र किंवा बंगालमध्ये घेतले, आणि तेही दुकानातल्या कोणाच्या तरी मोबाईल क्रमांकावर. गणपतीला किंवा गावच्या जत्रेला घरी आल्यावर ते गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जात आणि हातातल्या नव्या क्रमांकावर नवीन नोंदणी करून मोकळे होत. इथेच सगळे बिघडे. नवीन नोंदणी केली की संगणकाच्या लेखी ती व्यक्ती एकही डोस न घेतलेली ठरे; तिला दक्षता डोस देता येत नसे आणि दिलाच तर त्याची नोंद पहिला डोस म्हणून होई. दक्षता डोससाठी नवीन नोंदणी लागतच नसे. ज्या क्रमांकावर आधीची नोंद आहे त्याच क्रमांकाने कोविनवर जाऊन त्यावर आलेला ओटीपी टाकला, की नावापुढे आधीच्या डोसांच्या तारखा आणि पुढचा डोस कधी देय आहे ते दिसत असे. जुना क्रमांक दुसऱ्याच्या हातात असेल तर त्याला फोन लावून ओटीपी विचारता येई, मात्र हा उद्योग केंद्रावरच्या रांगेत उभे राहून न करता आदल्या संध्याकाळी करावा. समोरचा माणूस भट्टीपुढे असला तर फोन उचलत नाही.

त्याच खात्यात तक्रार नोंदवण्याची सोय होती; तिथून नाव, जन्मवर्ष आणि लिंग यांतील चुका दुरुस्त करता येत, एखाद्या सदस्याला नव्या मोबाईल क्रमांकावर हलवता येई, आणि दोन वेगवेगळ्या नोंदणींमुळे पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रे तयार झाली असल्यास ती एकत्रही करता येत. एका क्रमांकावर सहा जणांची नोंदणी होई. दुरुस्ती लगेच होत नसे, त्यासाठी काही दिवस हाताशी ठेवावे लागत. राज्य बदलले म्हणून काही अडत नसे. पहिला डोस कोईमतूरला आणि तिसरा आपल्या गावच्या उपकेंद्रात, हे पूर्णपणे चालत असे.

वेळ आगाऊ न ठरवताही थेट केंद्रावर जाता येई. खेड्यात तोच मार्ग बरा होता. मात्र जाण्यापूर्वी आशाताईंना किंवा आरोग्य सेविकेला विचारून त्या दिवशी कोणती लस येणार आहे ते जाणून घ्यावे लागे. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असत आणि कुपी उघडल्यावर ती चार तासांत संपवावी लागे, त्यामुळे लहान उपकेंद्रावर पुरेशी माणसे जमल्याशिवाय सिस्टर कुपी उघडत नसत. त्यात त्यांचा आळस नसे. उघडलेली लस टाकून द्यायची वेळ आली तर त्याचा हिशेब त्यांनाच द्यावा लागे. वस्तीवरच्या आठ-दहा जणांनी ठरवून एकत्र जावे, एवढाच यावरचा उपाय होता.

दिवस निवडताना शेतीची कामेही पाहावीत. द्राक्षबागेची आगाप छाटणी, फवारणी किंवा उसाची बांधणी ज्या दिवशी ठरली आहे त्याच्या आदल्या दिवशी लस घेणे शहाणपणाचे नाही, कारण दुसऱ्या दिवशी दंड वर उचलत नाही. दोन मोकळे दिवस हाताशी असावेत. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घेण्याऐवजी दोन तुकड्या कराव्यात, म्हणजे एकाला ताप आला तरी धार काढायला आणि चूल पेटवायला कोणीतरी उभे असते. श्रावणात सोमवार-शनिवारचे उपवास पुष्कळ घरांत कडक असतात. उपाशीपोटी लस घेऊ नये. लसीला त्याने काही होत नाही, पण रिकाम्या पोटी, उभ्या रांगेत, सुईच्या धास्तीने माणूस भोवळ येऊन पडतो आणि त्याचा ठपका लसीवर येतो. मधुमेही व्यक्तीची तर साखरही उतरू शकते. उपवास मोडायचा नसेल तर वार बदलावा.

ओळखपत्र तेच न्यावे जे पहिल्या नोंदणीला दिले होते. त्याचे शेवटचे अंक प्रमाणपत्रावर छापलेले असतात. सैल बाह्यांचा सदरा किंवा ब्लाउज घालावा. सुई दंडाच्या वरच्या स्नायूत, अर्धा मिलिलिटर लस भरून दिली जाते, आणि घट्ट बाही गुंडाळून वर चढवली की दंड आवळून राहतो. ज्या हाताने आपण काम करतो तो सोडून दुसऱ्या हातावर घेतलेली बरी. टोचल्यावर जागा चोळू नये; कापूस क्षणभर दाबून धरला की पुरे.

त्यानंतरचा अर्धा तास केंद्रावरच बसून काढायचा असे आणि हा अर्धा तास सर्वांत जास्त चुकवला जाई. लोक प्रमाणपत्राचा संदेश आला की मोटारसायकलला किक मारत. तीव्र अॅलर्जीची प्रतिक्रिया अत्यंत विरळ असते. पण ती येते तेव्हा बहुधा पहिल्या काही मिनिटांतच येते, आणि तिच्यावर तातडीने द्यायचे अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन केंद्रावर तयार असते, आपल्या घरी किंवा वाटेवरच्या घाटात नसते. श्वास अडकणे, घोगरा आवाज, अंगभर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, छातीत धडधडून डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही जाणवले तर “थोडं बसलो की बरं वाटेल” असे न म्हणता त्याच क्षणी सिस्टरना हाक मारावी. याच अर्ध्या तासात दुसराही एक प्रकार दिसतो आणि तो कितीतरी पटीने अधिक वेळा घडतो. सुईच्या भीतीने माणूस पांढरा पडतो, घाम फुटतो, हातापायांना मुंग्या येतात. शाळेतल्या लसीकरणात एका मुलीला भोवळ आली की पाठोपाठ आणखी दोघी-तिघी खाली बसतात. हा भीतीचा परिणाम आहे, पण तो खोटा नाही आणि त्यावर चिडून काही साधत नाही. मुलाला आडवे निजवावे, पाय उंचावर ठेवावेत, गर्दी हटवावी. काही मिनिटांत ते उठून बसते. ज्यांना रक्त पाहूनही चक्कर येते त्यांनी आधीच सांगून आडवे पडून सुई घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस काय होऊ शकते हे आधीच माहीत असले की रात्र सोपी जाते. टोचलेली जागा दुखणे जवळजवळ सर्वांना जाणवते. त्यापुढे अंग मोडून येणे, कणकण, थंडी वाजून ताप, डोकेदुखी, मळमळ आणि गळून गेल्यासारखे वाटणे यांपैकी काही होते, काही होत नाही. ही लक्षणे साधारणतः त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत ओसरतात. कोविशिल्डचा ताप पहिल्या डोसला अधिक आणि पुढच्या डोसला कमी असा सर्वसाधारण क्रम असतो. माझ्या बाबतीत नेमके तसेच घडले: पहिल्या डोसच्या रात्री दोन गोधड्या घेऊनही हुडहुडी थांबत नव्हती, दुसऱ्याला नुसती कणकण होती, आणि तिसऱ्याला हात दुखण्यापलीकडे काही झाले नाही. कोव्हॅक्सिन घेतलेल्या माझ्या भावजयीला तिन्ही वेळा ताप आला नाही, आणि त्यामुळे “मला लस लागलीच नाही” अशी चिंता तिला लागून राहिली. ती चिंता निराधार आहे. ताप आला म्हणजे लस चांगली लागली आणि नाही आला म्हणजे वाया गेली, असा काही हिशेब नाही. शरीराची प्रतिकारशक्ती ताप न येताही तयार होते. वय वाढते तशी ही लक्षणे सौम्य होत जातात, म्हणून घरातल्या आजोबांना काहीच होत नाही आणि पंचविशीतला नातू अंथरूण धरतो, हे दृश्य अनेक घरांनी पाहिले आहे.

तापासाठी पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची गोळी घ्यावी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवावे, आणि ताप नसताना आधीच खबरदारी म्हणून ती घेऊ नये. यकृताचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारावे. पाणी, ताक, पेज यांपैकी जे रुचेल ते थोडे थोडे घेत राहावे. दुखऱ्या जागेवर थंड पाण्याची घडी ठेवावी आणि हात बांधून न ठेवता हलकेच हलवत राहावा. काहींच्या काखेत अवधाण येते; ती गाठ लसीमुळे सुजलेली असते, ती दाबू किंवा शेकू नये, काही दिवसांत ती बसते. टोचल्या जागेची सूज आणि लाली दुसऱ्या दिवसानंतर वाढतच चालली तर मात्र दाखवावी.

तिसऱ्या दिवसानंतर विचाराची दिशा बदलावी लागते. पावसाळ्यात डेंग्यूचे डास घराघरांत असतात. लसीचा ताप तीन दिवसांपुढे रेंगाळत नाही; रेंगाळला तर तो लसीचा आहे असे गृहीत न धरता डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासावे. अशा तापात अॅस्पिरिन किंवा इतर वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नयेत, कारण तो डेंग्यू निघाला तर त्या घातक ठरतात. तसेच खोकला, घसादुखी, नाक वाहणे आणि वास जाणे ही लसीची लक्षणे नाहीत. लस घेतल्यानंतर ती दिसली तर लसीपूर्वीच किंवा केंद्रावरच्या गर्दीत लागण झाली असण्याची शक्यता धरून करोनाची चाचणी करावी. या लसींमध्ये करोनाचा जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लसीमुळे करोना होत नाही.

उरला रक्ताच्या गुठळ्यांचा प्रश्न, ज्याविषयी कुजबुज फार आणि माहिती थोडी असते. कोविशिल्डनंतर क्वचित प्रसंगी रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि त्याच वेळी रक्तातील प्लेटलेट कमी होतात, हे खरे आहे. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने मे 2021 मध्ये दिलेल्या अहवालानुसार भारतात तेव्हा हे प्रमाण दहा लाख डोसांमागे 0.61 इतके होते, म्हणजे एकाहूनही कमी. भीती बाळगण्याऐवजी लक्षणे पाठ करावीत. लस घेतल्यानंतरच्या वीस दिवसांत धाप लागणे, छातीत दुखणे, हात किंवा पोटरी दुखून सुजणे, सुईच्या जागेपासून दूर अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके किंवा काळेनिळे डाग उमटणे, थांबता न थांबणारी पोटदुखी, पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे, झटके येणे किंवा अंगाचा एखादा भाग लुळा पडणे यांपैकी काही झाले तर गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून वाट पाहू नये. सांगली किंवा मिरजेच्या सिव्हिलसारख्या मोठ्या रुग्णालयात जावे आणि लस कोणत्या तारखेला घेतली ते तिथे पोहोचताच सांगावे. ती तारीख डॉक्टरांच्या निदानाला दिशा देते. नातेवाईक घाबरून नेमके तेवढेच सांगायचे विसरतात.

गंभीर त्रास झाल्यास त्याची नोंदही व्हायला हवी. जिथे लस घेतली त्या केंद्राला, आरोग्य सेविकेला किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. तेव्हा केंद्र सरकारची 1075 ही मदतवाहिनी होती. आपण उपचार खासगी रुग्णालयात घेत असलो तरी कळवता येते. लसीविषयीची शंका कट्ट्यावर बोलून दाखवण्यापेक्षा ती नोंदवहीत जाणे जास्त उपयोगाचे, कारण 0.61 सारखा आकडा अशा नोंदींतूनच तयार होतो.

डोस घेतल्याचा संदेश त्याच दिवशी आला नाही तर दुसऱ्या दिवशी कोविनवर पाहावे आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यावे. केंद्र सरकारच्या व्हॉट्सअॅप सेवेवरही, 9013151515 या क्रमांकावर, ते तेव्हा मिळत असे. परदेशी जाणाऱ्यांनी त्याच खात्यातून पासपोर्टचा क्रमांक प्रमाणपत्रावर जोडून घ्यावा आणि नावाची अक्षरे पासपोर्टप्रमाणेच आहेत ना, ते पाहावे. आणि गणेशोत्सवात मंडळाच्या शिबिरात रक्तदान करायचा बेत असेल, तर लस आणि रक्तदान यांमध्ये किमान चौदा दिवस जाऊ द्यावेत. रक्तदान आधी करून दुसऱ्या दिवशी लस घेण्याची घाईही नको, अशक्तपणा आणि ताप एकदम अंगावर येतात.